ऐकायला एक माणूस

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाव्हण्यांच्या आधी शेजारची अक्काताईच आली! मी अजून चहाचं आधण ठेवते न ठेवते तोवर दारात हजर. "मालुआक्का, विरजण हाय का गं?" विरजण कशाला, तिच्या गोठ्यात दोन म्हशी. आमच्यात कोण येणार ते बघायचं होतं तिला. काल दुकानात मी अर्धा किलो रवा जास्त घेतला, तेवढ्यावरून ओळखलं. असली नजर पोलीस खात्यात पाहिजे होती.

मग दहाच्या बसनं आमची प्रिया उतरली. प्रियदर्शनी — कल्याणीची मुलगी, माझी एकुलती नात. बेंगळूरला कंपनीत आहे. मागच्या शनिवारीच येणार होती, पण एक तारखेला बेळगावात काळ्या दिनाची नेहमीची गडबड, बसचा भरवसा नाही, म्हणून आठवडा पुढं गेलं. बरोबर मैत्रीण. उंच, सावळी, केस मानेपर्यंत कापलेले. चपला काढून भिंतीला नीट जोडून ठेवल्या — मला आधी तेच दिसलं! नाव रूथ. निपाणीची. बेंगळूरला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. ख्रिश्चन. तशी आमची प्रिया पण ख्रिश्चनच, बापाकडून. कल्याणीनं बेळगावच्या कॅम्पातल्या सुधीररावांशी लग्न केलं तेव्हा गाव किती बोललं! आता कुणाला आठवत पण नाही. नाताळला मी केक खाते, गणपतीला ती मोदक खाते. कुणाचं काय बिघडलं?

अक्काताई हलेना. "पोरींची लगनं झाल्यात का?"

"नाही मावशी," प्रिया म्हणाली.

"वय किती म्हणायचं?"

"तेहतीस."

"आगं बया!" म्हणून अक्काताई खालीच बसली. आणि ही? म्हणून रूथकडं बघितलं. रूथ हसून म्हणाली, "मी तर तिच्यापेक्षा थोरली, मावशी." अक्काताई विरजण न घेताच गेली. आता गावभर फिरणार बाई.

मला लई बरं वाटतंय आज. घरात दोन पोरींचा आवाज. प्रियानंच मागच्या वर्षी ही डायरी दिली, रोज लिही म्हणाली. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण इथं चुका काढायला कोण येतंय!

८ नोव्हेंबर, शनिवार

काहीतरी बिनसलंय पोरींचं.

काल माजघरात दोघींचं मिळून एक मोठं अंथरूण घातलं होतं. वाकळ एकच, पण मोठी, माझ्या हातची. थंडी पडायला लागली आहे. सकाळी बघते तर रूथ बाहेर सोप्यात, चटईवर, अंगावर ओढणी! आणि प्रिया आत वाकळंत एकटी, तोंड भिंतीकडं.

पोरी-पोरी गप्पा मारत एकत्र झोपत नाहीत म्हणजे काय? आम्ही दिवाळीला माहेरी गेलो की पाच बहिणी एका वाकळंत. हसून हसून पोट दुखायचं, आई ओरडायची.

प्रियाला हळूच विचारलं, "घोरतीस का गं?" ती म्हणाली, "नाही गं आज्जी." मग मनात आलं, माझ्या वाकळंला वास येतो की काय? हुंगून बघितली. येत नाही.

पण दिवसभर तर भांडण दिसत नाही. रूथ भाकरी थापते, प्रिया तिच्या तव्यावरची पळवते. रूथ म्हणते, "ठेव, आज्जींची हाय ती." रूथची भाकरी चांगली फुगते. आमच्या प्रियाची म्हणजे कर्नाटकाचा नकाशा.

वरवर गोड आणि आत अढी — असलं भांडण वाईट. मिटवलंच पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू! आधी सगळं नीट लिहिते.

सकाळी दोघी बेळगावला चर्चला जाऊन आल्या. येताना माझ्यासाठी कुंदा. जेवल्यावर मी त्यांना शेतावर नेलं. आमचं भात कापून पडलंय, गावातला भरमू मळणीचं मशीन उद्या आणतो म्हणाला. (तो गेल्या सोमवारपासून उद्याच म्हणतोय.) पेंढ्यांच्या सावलीला बसलो. आजूबाजूला कोणी नाही. म्हटलं, हीच वेळ. म्हणाले, "हे बघा. मी म्हातारी असले तरी आंधळी न्हाय. काय भांडण असंल ते हितं बोला आणि मिटवा. आणि आज रातीला दोघी एका अंथरुणात झोपायचं. माझ्या घरात रुसवा चालत न्हाय."

रूथनं ओढणी तोंडात कोंबली. मला वाटलं रडतेय. हसत होती! डोळ्यांतनं पाणी. मग प्रिया पण हसायला लागली, आणि हसता हसता तीच रडायला लागली.

"आज्जी," प्रिया म्हणाली, "आम्ही मैत्रिणी असतो तर एकत्रच झोपलो असतो गं."

"मग कोण हाय तुमी?"

तेव्हा सांगितलं तिनं. की तिचं मन रूथवर आहे. बाईचं गड्यावर असतं तसं. रूथचं तिच्यावर. चार वर्षं झाली. दोघींना लग्न करायचंय एकमेकींशी.

मी पेंढीतली एक काडी काढली, मोडली, परत एक काढली. मग मनात आलं ते तोंडातनं गेलं, "म्हंजे घरात गडीच न्हाय?"

"न्हाई, आज्जी," रूथ म्हणाली.

"मग दारू पिणार कोण?"

परत हसल्या मेल्या! मी पण हसले. काय करू? खरंच तेच सुचलं.

पण मग ध्यानात आलं माझ्या. म्हटलं, थांबा. प्रेम एवढं हाय, तर मग एक आत आणि एक सोप्यात का?

रूथ मान खाली घालून म्हणाली, "आज्जी, आमचं लग्न झालेलं न्हाई अजून."

एवढंच. साधं बोलली. आणि माझ्या अंगावर काटा आला. आता लिहिताना पण येतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

मशीन आलं नाही. भरमू म्हणतो, उद्या.

दिवसभर तेच मनात. बेंगळूरला एका घरात राहतात दोघी. दोन खोल्या. कोण बघतंय तिथं? शेजारचा माणूस शेजारच्याचं नाव विचारत नाही. कडी लावली की झालं. मी तसं म्हणाले पण. रूथ म्हणाली, "कडी माणसाला लागती, आज्जी. देवाला लागत न्हाई."

मग भाकरी थापता थापता मोकळी बोलली. तिच्या तोंडचं आठवेल तसं लिहिते. "चर्चची मंडळी म्हणतात, तुमचं लग्नच हुत न्हाई, म्हणून जन्मभर तशाच ऱ्हावा. आमच्यासारख्याच ज्या दुसऱ्या मुली हायत त्या हसतात — लग्नच हुत न्हाई तर थांबताय कशाला, येड्या हाय का? दोन्हीकडनं ऐकून घ्यायचं. पण मला कुणीतरी सांगावं, माझ्यासाठी नियम सोपा का असावा? माझं शरीर काय हलकं पडलं का बाकीच्यांपेक्षा? प्रियाला मी अर्धं काय म्हणून द्यावं? पुरं देईन. शपथ घेऊन देईन."

हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि फुगली ती भाकरी! मी बघतच राहिले.

आमच्यात पण थांबायचं असतं. लग्न लागलं तरी कुलदैवताला जाऊन यायचं, गोंधळ घालायचा, तोवर नवरा-बायको वेगळे. माझं लग्न वैशाखात झालं आणि चौथ्या दिवशी थोरला सासरा वारला. गोंधळ राहिला तो दिवाळीनंतर घातला. तोवर मी सासूच्या कुशीला, आणि हे शेतात खोपीत. रताळ्याचे दिवस आले तसे हे भाजलेलं रताळं पंच्यात गुंडाळून आणायचे, म्हशीला वैरण टाकायच्या निमित्तानं माझ्या हातात द्यायचे. बोलायचे नाहीत. गरम रताळं हातात, आणि मी लाजून लाल. कसले दिवस!

पण आम्हाला सासूनं थांबवलं होतं. डोळ्यात तेल घालून राखण होती. ह्यांना कोणी थांबवलेलं नाही. ह्या आपल्या आपण थांबल्यात. चार वर्षं! एका छपराखाली! मला जमलं असतं काय? सासू नसती तर त्या रताळ्याच्या पहिल्याच दिवशी— जाऊ दे. लिहीत नाही.

प्रियाला म्हटलं, तुला पण असंच वाटतं? ती खरं बोलली. "मला रूथइतका धीर नाही, आज्जी. ती देवासाठी थांबते. मी देवाला मानते, पण थांबते ती तिच्यासाठी. कधी कधी रागानं उशी फेकते भिंतीवर."

"मग?"

"मग रूथ ती उशी आणून देते, आणि जाते आपल्या खोलीत."

११ नोव्हेंबर, मंगळवार

अक्काताई परत. रूथनं तिचं बीपी बघितलं, मीठ कमी करा म्हणाली. अक्काताई खूश — "मालुआक्का, माझ्या भाच्यासाठी विचार की हिला. सोन्यासारखी पोरगी. ख्रिश्चन असली म्हणून काय झालं?"

पोटात हसू दाबून दाबून बरगडी दुखली.

मशीन आलं. अर्धं भात झालं आणि बिघडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कळलं दोघी का आल्यात ते. नुसतं आज्जीला बघायला नाही.

मी म्हशीला पाणी दाखवून येत होते. परसात दोघींचं चाललं होतं, दबक्या आवाजात. आता मात्र खरं भांडण.

प्रिया म्हणत होती, "चर्च लग्न लावणार नाही. कोर्टानं पण नाही म्हटलं. मग आपण कशाची वाट बघतोय, रूथ? जानेवारीत तू नोकरीला जर्मनीला चाललीस!"

"म्हणूनच म्हणतेय न्हवं? शपथ झाली तर मी तुझी म्हणून जाईन. तू मागनं ये, न्हाई तर मी परत येईन. न्हाई झाली तर तू मोकळी. तुला तसंच टांगून मी जाणार न्हाई."

"मला मोकळं व्हायचंच नाही!"

"मग दोन माणसं आण."

मी बादली आपटली मुद्दाम. मग मीच म्हणाले, कसली दोन माणसं? मला सांगा.

रूथनं मला कट्ट्यावर बसवलं, आपण खाली बसली. तिचं म्हणणं असं: चोरून केलं ते लग्न नव्हे. चर्चचा पाळक नसला तरी चालेल, हार-मांडव नसला तरी चालेल. देवासमोर शपथ घ्यायची. पण ती ऐकायला दोन्ही घरचं एक-एक वडीलधारं माणूस पाहिजे. मित्र-मैत्रिणी नको. घरचं. नाहीतर उद्या आपणच म्हणू, छे, झालंच नव्हतं काही.

प्रियाच्या आईबापानं दार लावून घेतलंय. रूथला आई नाही. वडील शांतवन, निपाणीला असतात. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता घरी. चर्चमध्ये मानाचं माणूस. गेल्या वर्षी हिनं सांगितलं तेव्हापासून बोलत नाहीत.

"तर आज्जी," प्रिया म्हणाली, "माझ्याकडनं तू."

मी! मला तर घाम फुटला. म्हटलं, "आगं, मी तुमच्यातली न्हाय. माझ्या तोंडात देवाचं नाव वेगळं येतंय."

रूथ म्हणाली, "तोंडाचं काम न्हाई, आज्जी. कानाचं हाय. ऐकायचं. आणि फुडं कुणी विचारलं तर सांगायचं — व्हय, मी ऐकलंय."

"एवढंच?"

"एवढंच. पण लई मोठं हाय ते."

मी लगेच हो म्हणाले नाही. म्हटलं, मला कल्याणीशी बोलू दे. लेकीच्या पाठीमागनं नातीचं लग्न ऐकायचं म्हणजे बरं नव्हे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कल्याणीला फोन केला. बेळगावात टिळकवाडीत राहते, इथनं बसनं किती लांब? पण गेल्या वर्षभरात आई आई करत आली नाही ती ह्याच्यामुळं, हे आज कळलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पोरीनं."

"आई, तू ह्यात पडू नकोस. सुधीर दोन महिने चर्चला गेले नाहीत लाजेनं."

म्हटलं, "लाज कसली? काय केलंय पोरींनी? काय केलं न्हाय म्हणूनच तर आल्यात माझ्याकडं!"

"आई!!"

"ओरडू नको. तू तरी कुणाचं ऐकलीस?"

"माझं वेगळं होतं."

"व्हय. आपलं ते सगळ्यांना वेगळंच वाटतंय."

रडली ती. मी पण. आई म्हणून तिचं पण बरोबर, काय सांगायचं? लोकांच्या तोंडाला तिलाच रोज तोंड द्यायचंय. मी येणार नाही म्हणाली. पण फोन ठेवायच्या आधी विचारलं — "प्रिया जेवते का नीट?"

म्हटलं, जेवते. भाकरी मात्र अजून वाकडीच.

तिकडं नाक ओढल्याचा आवाज आला, की हसल्याचा, समजलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पूजा झाली आणि दोघींना हाक मारली. म्हटलं, मी ऐकते.

प्रियानं मला उचललीच! ह्या वयात! "आगं माझी कंबर!" रूथ हसली नाही. पुढं आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे मिटून त्यांच्या देवाला काहीतरी सांगितलं, मनातल्या मनात. मी पण मिटले. माझा देव, तिचा देव, दोघं त्या वेळी त्याच खोलीत कुठंतरी बसले असतील. बसू देत. बोलू देत एकमेकांशी.

मग मला एक खटकलं ते विचारलंच. "बाप आला न्हाय तर?"

रूथ म्हणाली, "तर न्हाई. दोन्हीकडचं पायजे."

"दुसरं कोण? मावशी, काकी?"

"सगळ्यांना विचारून झालं, आज्जी. बाबाच उरले."

प्रियाचं तोंड उतरलं. मला पण राग आला थोडा. एवढा हट्ट कशाला गं पोरी? एक म्हातारी मिळाली, तेवढ्यावर भागव की! पण म्हणाले नाही. असल्या हट्टावरच तर ती चार वर्षं तरली आहे. हिनं इथं थोडं सोडलं असतं तर मागंच सगळं सोडलं असतं.

दुपारच्या बसनं दोघी निपाणीला गेल्या. डब्यात भाकऱ्या, ठेचा, शेंगाची चटणी, उकडलेली रताळी. वडलांना चालतंय का रताळं, विचारलं. रूथ म्हणाली, लई आवडतंय.

काय होतंय बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फोन नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रियाचा फोन. वडलांनी दार उघडलं. पाणी दिलं. रूथनं सगळं सांगितलं, शपथेचं, जर्मनीचं, सोप्यातल्या चटईचं पण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून आत गेले. रात्री दोघींना जेवायला वाढलं. बोलले नाहीत. रताळी खाल्ली.

"खाल्ली ना? मग बरं हाय," मी म्हणाले.

"आज्जी, रताळ्यानं काय होतंय गं," प्रिया म्हणाली. आवाज लई बारीक तिचा.

रूथ निपाणीलाच थांबली आहे. प्रिया एकटी बेंगळूरच्या गाडीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भरमूचं मशीन नीट झालं. भात घरात आलं. एकटीनं किती बघायचं? अक्काताई आली मदतीला. "पोरी एकदम गेल्या गं. घर कसं ओकं दिसतंय." म्हटलं, व्हय. "भाच्याचं विचारलीस का?" म्हटलं, "तिचं ठरलंय." — "आगं बया! कुठला पोरगा?"

म्हटलं, "माणूस चांगलं हाय. एवढं म्हाईत हाय मला."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन नाही. दोनदा उचलून बघितला, चालू आहे का म्हणून. चालू आहे.

मनात येतं, उद्या बापानं नाही म्हटलं तर रूथ जाणार. शब्दाची पोरगी, मागं वळून बघणार नाही. आणि आमची प्रिया जन्मभर त्या भिंतीकडं तोंड करून झोपणार. एवढी वर्षं राखलेलं, कुणाच्या एका होकारावर अडकलंय! देवा, कुणाचा पण अस, पण ऐक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अनोळखी नंबर. गड्याचा आवाज, जड. "मालुबाई आहेत का? मी शांतवन. रूथचा बाप."

मी उभीच राहिले.

म्हणाले, "मी आशीर्वाद द्यायचा न्हाई. तो माझ्या अखत्यारीत न्हाई. पण माझी पोरगी चार वर्षं शब्द राखून हाय म्हणती, आणि ती खोटं बोलत न्हाई, हे मला ती एवढीशी असल्यापासनं ठाऊक हाय. असलं माणूस शपथ घेणार, आणि बाप ऐकायला नसावा — हे काय मला सोसंना."

मी म्हटलं, "या."

मग म्हणाले, "तुमच्यात बसायला खुर्ची हाय का? माझं गुडघं दुखत्यात."

म्हटलं, हाय.

एकोणतीस तारखेला, शनिवारी येतो म्हणालेत. ते आणि दोन्ही पोरी, तिघं.